शाहीबाग ते बरीच : ‘क्षुधित पाषाण’मधील प्रासादाच्या अस्तित्वाचा प्रश्न

रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘क्षुधित पाषाण’ ही कथा ‘साधना’ या बंगाली मासिकात बंगाली सन १३०२ च्या श्रावण महिन्यात, म्हणजे १८९५ साली प्रसिद्ध झाली. भारतीय भाषांतील कथावाङ्मयात एखादी वास्तूच कथेचे मध्यवर्ती पात्र ठरावी, अशी उदाहरणे थोडी आहेत; त्यांत या कथेचे स्थान अग्रगण्य मानले जाते. कथेतील ओसाड प्रासाद प्रत्यक्षात कोठे होता काय, हा प्रश्न वाचकांनी आणि अभ्यासकांनी वारंवार विचारला आहे. त्याचे सर्वमान्य उत्तरही ठरलेले आहे : अहमदाबादच्या शाहीबागेतील मोतीशाही महाल. हे उत्तर चुकीचे नाही. त्याला खुद्द रवींद्रनाथांच्या आठवणींचा आधार आहे. तथापि हे उत्तर हाती आले म्हणजे प्रश्न संपला, अशी जी समजूत रूढ झाली आहे, ती तपासून पाहणे आवश्यक आहे. वास्तू ओळखली गेली तरी तिच्यातून कथेत काय आले, काय वगळले गेले आणि हा प्रश्न कथेने स्वतः कसा हाताळला, याचा उलगडा त्या ओळखीने होत नाही. प्रस्तुत लेखात या तीन अंगांनी विचार केला आहे.

१. शाहीबागेतील वास्तू

मोतीशाही महाल शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढील काळातील बादशहा शाहजहान, गुजरातचा सुभेदार असताना साबरमतीच्या काठी उभारला गेला. बांधकामाचा काळ १६१८ ते १६२२ असा सांगितला जातो. ब्रिटिश अमलात ही वास्तू सरकारी निवासस्थान म्हणून वापरात होती. १९६० मध्ये गुजरात राज्य स्थापन झाल्यावर काही वर्षे ती राजभवन होती, आणि १९८० पासून तेथे सरदार वल्लभभाई पटेल यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. रवींद्रनाथांच्या वास्तव्याची स्मृतीही तेथे जतन केलेली आहे.

हे वास्तव्य १८७८ सालचे. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळवणारे पहिले भारतीय. त्यांची बहुतेक सेवा मुंबई इलाख्यात झाली. महाराष्ट्राशीही त्यांचा निकटचा संबंध आला आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १८७८ मध्ये ते अहमदाबादला न्यायाधीश होते आणि शाहीबागेतील महाल हे त्यांचे निवासस्थान होते. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी आणि मुले त्या वेळी इंग्लंडमध्ये होती. इंग्लंडला जाण्यापूर्वी काही महिने सतरा वर्षांचे रवींद्रनाथ या घरात राहिले. नंतर ते मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या कुटुंबात राहिले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडला रवाना झाले.

म्हणजे घर होते, लेखक त्यात राहिला होता आणि त्याने तसे लिहूनही ठेवले आहे. साहित्यातील वास्तूंच्या मूळस्थानाबाबत इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. अभ्यासाला खरी सुरुवात येथून होते. कारण हा पुरावा कथेशी ताडून पाहिला की साम्यापेक्षा अंतरच ठळकपणे जाणवते.

२. बरीचचा प्रासाद

कथेतला प्रासाद गुजरातेत नाही. कथेतील निवेदक जुनागढ संस्थानची नोकरी राज्यकारभारविषयक मतभेदामुळे सोडतो, हैदराबादेत निजाम सरकारच्या सेवेत शिरतो, आणि कापसावरील जकात वसूल करण्यासाठी त्याची नेमणूक ‘बरीच’ या ठिकाणी होते. प्रासाद तेथे आहे. म्हणजे निवेदक ज्या मार्गाने गुजरातेतून दख्खनेत येतो, त्याच मार्गाने लेखकाने शाहीबागेतला महालही दख्खनेत आणला आहे. कथेतील हा प्रवास केवळ पात्राच्या चरित्राचा तपशील नाही. स्थलांतराची खूण लेखकाने कथेतच ठेवली आहे, असे म्हणता येते.

स्थळाचे वर्णनही मूळ वास्तूशी जुळत नाही. बरीचचा प्रासाद डोंगराच्या पायथ्याशी, घनदाट रानाजवळ आहे; अहमदाबाद सपाट मैदानात वसलेले आहे. बरीचच्या घाटाला दीडशे पायऱ्या आहेत आणि खालून गोट्यांवरून खळाळत जाणारी ‘शुस्ता’ नदी आहे. १८७८ च्या उन्हाळ्यातली साबरमती मात्र वाळूच्या विस्तीर्ण पात्रातून वाहणारी एक क्षीण धार होती. शुस्ता हे नाव ‘स्वच्छतोया’ या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश असल्याचा खुलासा रवींद्रनाथ कथेत करतात. नसलेल्या नदीला व्युत्पत्ती देण्याची ही युक्ती लक्षणीय आहे. वाचकाचा विश्वास बसावा म्हणून नदीला भूगोल देता येत नसेल, तर भाषेचा इतिहास तरी द्यावा, असा तिचा हेतू दिसतो. ‘बरीच’ या नावातही कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या भडोचचा ध्वनी ऐकू येतो. मात्र भडोच नर्मदेच्या काठी आहे आणि निजामाच्या राज्याशी त्याचा संबंध नाही. नाव एकीकडचे, राज्य दुसरीकडचे, नदी कोठलीच नाही, अशा रीतीने हे स्थळ रचले गेले आहे.

सर्वांत उद्बोधक आहे तो कालनिर्देश. कथेनुसार हा प्रासाद सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी दुसऱ्या शहा महमूदाने आपल्या विलासासाठी बांधला. कथेच्या चौकटीत एक थिऑसफिस्ट नातेवाईक आहे. थिऑसफिकल सोसायटीची स्थापना १८७५ ची, तेव्हा कथेतील ‘आज’ १८७५ ते १८९५ या दोन दशकांतला ठरतो. त्यातून अडीचशे वर्षे वजा केली की १६२५ ते १६४५ हा काळ येतो. दुसरा महमूद हे नाव गुजरात आणि माळवा येथील सुलतानांच्या वंशावळींत आढळते. पण ते दोघेही सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. दख्खनच्या कुतुबशाही, आदिलशाही वा निजामशाही घराण्यांत त्या काळी या नावाचा राज्यकर्ता नाही. म्हणजे कथेत दिलेला राजा आणि कथेत दिलेला काळ परस्परांशी जुळत नाहीत. उलट, १८७८ मधून १६२२ वजा केल्यास २५६ वर्षे येतात. ‘सुमारे अडीचशे’ हा आकडा बरीचच्या काल्पनिक महमूदाचा नाही, तो शाहीबागेच्या महालाचा आहे. लेखकाने राजा बदलला, राज्य बदलले, नदी बदलली. घराचे वय मात्र तेवढेच राहू दिले.

शाहजहानाचे नाव का वगळले असावे? हे नाव कथेत येते तर वाचकाच्या मनात ताजमहाल, मयूर सिंहासन आणि मोगल इतिहासाचा सगळा परिचित संभार जागा झाला असता. ज्ञात बादशहाच्या महालात ज्ञात कहाण्याच ऐकू येतात. भुकेला दगड हवा असेल तर त्याच्या मालकाचे नाव इतिहासात न सापडणारे असावे लागते.

३. घर रिकामे होण्याची वेळ

स्थळकाळाची ही मोडतोड लक्षात घेतल्यावर प्रश्न उरतो तो असा, की शाहीबागेतून कथेत नेमके आले काय? ‘जीवनस्मृति’ या १९१२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनातील अहमदाबादविषयक प्रकरण या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगे आहे. त्यातला महाल दिवसा ओसाड होतो. बंधू न्यायालयात गेले की त्या विस्तीर्ण वास्तूत एकटा मुलगा उरतो. दुपारी पारव्यांच्या घुमण्याखेरीज आवाज नाही. काहीही कारण नसताना, केवळ कुतूहलापोटी तो एका रिकाम्या दालनातून दुसऱ्या दालनात हिंडतो. त्याची स्वतःची खोली माथ्यावरची, आणि त्या खोलीत गांधीलमाश्यांचे पोळे. शुक्लपक्षातल्या रात्री तो नदीकडच्या प्रशस्त गच्चीवर एकटाच फेऱ्या घालतो. स्वतः चाल लावलेली आपली पहिली गाणी रचली ती या गच्चीवरच, असे रवींद्रनाथांनी नमूद केले आहे.

कथेत या दिनक्रमाचा आराखडा कायम आहे. फक्त त्याच्या वेळा उलटल्या आहेत. शाहीबागेत सरकारी अधिकारी दिवसा बाहेर जातो आणि मागे राहिलेल्या मुलाला घर गवसते. बरीचमध्ये अधिकारी आणि स्वप्न पाहणारा एकाच देहात आहेत. दिवसा तो आखूड कोट आणि हॅट घालून कापसाच्या जकातीचा हिशेब करतो. रात्री सैल पायजमा, मखमली टोपी आणि अत्तर यांचा साज करून प्रासादाच्या स्वाधीन होतो. सत्येंद्रनाथांचे न्यायालय आणि रवींद्रनाथांची गच्ची ही दोन जगे १८७८ मध्ये दोन भावांत वाटली गेली होती. १८९५ मध्ये ती एका माणसाची दोन अर्धी झाली. वसाहतकालीन नोकरशाहीत शिरलेल्या सुशिक्षित भारतीयाचे हे दुभंगलेपण कथेचा खरा आशय आहे. त्याचा उगम वास्तूच्या आकारात नाही, तिच्या दिनक्रमात आहे.

आत्मकथनातील आणखी एक तपशील तौलनिक अभ्यासकांच्या विशेष उपयोगाचा आहे. बंधूंच्या ग्रंथसंग्रहात टेनिसनच्या काव्याची मोठ्या टायपातील, पुष्कळ चित्रे असलेली एक प्रत होती. त्या मुलाला तेव्हा ती वाचून समजत नव्हती, तो चित्रांतच रमत असे. हा ग्रंथ आपल्यासाठी त्या राजवाड्याइतकाच मुका होता, अशा आशयाचे रवींद्रनाथांचे विधान आहे. संस्कृत काव्यसंग्रहाचेही तसेच : अर्थ कळत नसे, शब्दांचा नाद मात्र मन हलवून सोडी. घर आणि ग्रंथ यांचे हे समीकरण कथेची किल्लीच ठरते. शाहीबागेने रवींद्रनाथांना वास्तुशैली दिली नाही, इतिहासही दिला नाही. नाद ऐकू येतो पण अर्थ लागत नाही, असा एक अनुभव दिला. बरीचच्या प्रासादात निवेदकाला ऐकू येतात ती पावले, पैंजण, हुंदके आणि हसणे, हे सारे अशाच न उलगडणाऱ्या ग्रंथातले शब्द आहेत.

या दुव्याला भाषांतराच्या इतिहासात एक अनपेक्षित जोड मिळाली. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कथासंग्रहात शुस्ता नदीच्या वर्णनासाठी टेनिसनच्या ओढ्यावरील प्रसिद्ध कवितेतले शब्द अवतरणचिन्हांसह वापरले आहेत. शाहीबागेत जो कवी मुका होता, त्याच्या शब्दांत शाहीबागेच्या प्रतिरूपाची नदी इंग्रजीत बोलू लागली. त्याच भाषांतरात मूळच्या ‘श्वेतप्रस्तर’ प्रासादाचा संगमरवरी प्रासाद झाला आणि महमूदाला बादशहाचे बिरुद मिळाले. इंग्रजी वाचकापुढे उभा राहिला तो ताजमहालाच्या ओळखीचा भारत. मूळ लेखकाने जी ओळख कटाक्षाने टाळली होती, ती भाषांतराने मागील दाराने आत घेतली.

४. स्मृतीला कथेने दिलेला आकार

रवींद्रनाथांनी शाहीबागेविषयी आयुष्याच्या अखेरीस पुन्हा लिहिले. १९४० मधील ‘छेलेबेला’ या बालपणाच्या आठवणींत ‘क्षुधित पाषाण’ची पहिली चाहूल अहमदाबादला लागल्याचे त्यांनी स्पष्टपणे सांगितले आहे. कलकत्त्यात वाढलेल्या मुलाला इतिहासाचे उंच शिखर कधी दिसले नव्हते. अहमदाबादला आल्यावर चालता इतिहास थांबून मागे वळून पाहत आहे असे त्याला भासले, असा त्या विवेचनाचा गाभा आहे. कथेचे मूळस्थान निश्चित करणारे अभ्यासक याच उताऱ्याचा आधार घेतात.

दोन आत्मकथने शेजारी ठेवली की एक गोष्ट ध्यानात येते. १९१२ च्या वर्णनात पारवे आहेत, गांधीलमाश्या आहेत, वाळूतली धार आहे. १९४० च्या वर्णनात नगारखाना आहे, घोडदळाच्या टापा आहेत, अंतःपुराचे पहारेकरी आहेत, बेगमांच्या स्नानगृहातील गुलाबपाण्याची कारंजी आणि बांगड्यांची किणकिण आहे. हा दुसरा संभार १८७८ मधल्या मुलाने पाहिला असणे शक्यच नाही. तो १८९५ च्या कथेतल्या प्रासादाचा आहे. वास्तूवरून कथा सुचली हे खरे. पण पुढे कथेने वास्तूची आठवणही स्वतःच्या रंगात रंगवली. म्हणून ‘छेलेबेला’तील उतारा कथेच्या उगमाचा पुरावा म्हणून जेवढा महत्त्वाचा आहे, तेवढाच तो कथेच्या परिणामाचाही पुरावा आहे. मूळस्थानाच्या शोधात लेखकाचे उत्तरकालीन निवेदन निर्णायक मानण्याचा प्रघात येथे सावधपणे वापरला पाहिजे.

साहित्यातली वास्तू प्रत्यक्षातल्या वास्तूला कशी बदलते, याचे अमेरिकेतील उदाहरण या संदर्भात तुलनेसाठी घेता येईल. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या १८५१ च्या कादंबरीशी सेलम येथील एका जुन्या घराचे नाते जोडले जाते. आपल्या घराचा संबंध कोणत्याही प्रत्यक्ष स्थळाशी लावू नये, असे हॉथॉर्नने प्रस्तावनेतच सुचवले होते. तरीही १९०८ मध्ये कॅरोलाइन एमर्टन यांनी ते घर विकत घेतले आणि कादंबरीबरहुकूम त्यात फेरफार करवले; कादंबरीतले छोटे दुकानही त्यात मांडले गेले. तेथे कथेने घराच्या भिंती बदलल्या. शाहीबागेच्या भिंतींना कोणी हात लावला नाही. तेथे बदलली ती खुद्द लेखकाची आठवण.

५. कथेतलाच प्रश्न

घर खरे होते की नव्हते, हा प्रश्न समीक्षकांनी बाहेरून आणलेला नाही. तो कथेच्या रचनेत आहे. कथा दुहेरी चौकटीत सांगितली आहे. पूजेच्या सुटीतील प्रवासाहून परतताना निवेदक आणि त्याचा थिऑसफिस्ट नातेवाईक यांना आगगाडीत एक अपरिचित गृहस्थ भेटतो. जगातल्या यच्चयावत विषयांवर तो अधिकारवाणीने बोलतो. पुढच्या गाडीला उशीर असल्याने जंक्शनवर थांबावे लागते आणि तेथे तो बरीचची हकीकत सांगतो. हकीकतीतही एक साक्षीदार आहे : वेडा मेहेर अली. रोज पहाटे तो प्रासादाभोवती फिरत लोकांना दूर राहण्याचा इशारा देतो आणि सारे खोटे आहे असे ओरडतो. त्या प्रासादात राहून जिवंत बाहेर पडलेला तो एकटाच. ज्याच्यावर या घराचा सर्वाधिक परिणाम झाला, तोच ते खोटे असल्याचे सांगतो, आणि त्याचे वेड हेच ते खरे असल्याचे प्रमाण ठरते. एवढी गुंतागुंत मांडून ठेवल्यावर शेवटी बाहेरच्या चौकटीतला निवेदक सारी कथा बनावट ठरवतो, थिऑसफिस्ट तिच्यावर विश्वास ठेवतो, आणि दोघांचे संबंध कायमचे तुटतात.

हा वाद कथेने सोडवलेला नाही, आणि तो सुटू नये अशीच तिची योजना आहे. शाहीबागेचा दाखला देऊन घर खरे होते म्हणणारा अभ्यासक नकळत थिऑसफिस्टाच्या बाजूने उभा राहतो. शुस्ता नकाशावर नाही म्हणून सारे काल्पनिक ठरवणारा अभ्यासक निवेदकाच्या बाजूने जातो. दोघांनाही कथेने आधीच पात्रे करून ठेवले आहे.

या वादाच्या गदारोळात जे हरवते ते महत्त्वाचे आहे. प्रासादातून सुटकेचा मार्ग कोणता, असे विचारल्यावर वृद्ध कारकून करीम खान सांगतो, की मार्ग एकच आहे आणि तो फार कठीण आहे. त्यासाठी गुलबागेतील एका इराणी दासीची जुनी हकीकत ऐकावी लागेल. तेवढ्यात गाडी येते. पहिल्या वर्गाच्या डब्यातला एक इंग्रज या गृहस्थाला ओळखून हाक मारतो, तो त्याच्या डब्यात चढतो, आणि दासीची हकीकत कायमची अपुरी राहते. जिच्या दुःखाने दगड भुकेले झाले, तिचेच म्हणणे ऐकायचे राहून जाते, आणि मागे उरलेले दोन पुरुष कथेच्या खरेखोटेपणावर भांडत बसतात.

या दासीचे मूळ शाहीबागेत शोधून सापडणार नाही. १८७८ मध्ये ते घर स्त्रियांविना होते, आणि कथेतल्या स्त्रिया ‘अरबी भाषेतील सुरस कथां’च्या परंपरेतून येतात, तसा निर्देशही कथेत आहे. एक धागा मात्र त्या गच्चीपर्यंत पोचतो. तेथे रचलेल्या गाण्यांपैकी ज्या एकाचा रवींद्रनाथांनी ‘जीवनस्मृति’त नावाने उल्लेख केला आहे, ते एका ‘गोलापबाले’ला, म्हणजे गुलाबकन्येला उद्देशून आहे. सतरा वर्षांनी लिहिलेल्या कथेत गुलाबाच्या बागेतली दासी येते, ती गात नाही. तिची हकीकत सुरू होण्याआधीच थांबते. किशोरवयातल्या रोमँटिक संबोधनापासून न ऐकल्या गेलेल्या स्त्रीच्या जाणिवेपर्यंत झालेला हा प्रवास वास्तूच्या ओळखीपेक्षा अधिक मोलाचा आहे.

कथेच्या पुढील रूपांतरांकडे पाहिले असता याला दुजोरा मिळतो. तपन सिन्हा यांनी १९६० मध्ये बंगालीत या कथेवर चित्रपट केला. गुलजार यांच्या ‘लेकिन...’ या हिंदी चित्रपटामागेही याच कथेची प्रेरणा आहे. त्याच्या निर्मितीत लता मंगेशकर होत्या आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीताला १९९० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘लेकिन...’मध्ये घर दुसऱ्यांदा हलते, या वेळी राजस्थानच्या वाळवंटात. तेथे नदी नाही, घाट नाही, शहा महमूद नाही. तरीही कथा ओळखू येते, कारण अडकून पडलेली स्त्री आणि तिची हकीकत ऐकणारा सरकारी नोकर ही जोडी कायम आहे. चित्रपटाने त्या स्त्रीला रेवा हे नाव दिले, तिची हकीकत पूर्ण केली आणि तिला मुक्तीही दिली. साबरमतीवरून शुस्तेवर आणि तेथून वाळवंटात जाऊनही जी टिकून राहते, ती या कथेची वास्तू होय.

६. समारोप

‘क्षुधित पाषाण’मधील प्रासाद अस्तित्वात होता काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, परंतु अस्तित्वात होते ते अडीचशे वर्षांचे वय, दिवसा ओस पडणारी दालने आणि अर्थ न लागणारा नाद. बरीच, शुस्ता, दीडशे पायऱ्या आणि महमूद ही रचना आहे, आणि ती शाहीबागेपासून जाणीवपूर्वक अंतर राखून केलेली आहे. शाहीबागेच्या ओळखीचा समीक्षेला उपयोग आहे तो हे अंतर मोजण्यासाठी. १८७८ मधली साबरमतीची क्षीण धारही आज तशी राहिलेली नाही; नर्मदेच्या कालव्याचे पाणी आल्यापासून अहमदाबाद शहरातले तिचे पात्र भरलेले दिसते. महाल उभा आहे, त्याचे वय मोजता येते, त्याच्या गच्चीवर उभेही राहता येते. करीम खानाने सांगायला घेतलेली हकीकत मात्र तेथे ऐकायला मिळत नाही, आणि कथेच्या वाचकाला जे शोधायचे आहे ते त्या हकीकतीत आहे.